मायक्रोस्कोपचं कॅलिब्रेशन: स्वतः काय करायचं, बाहेर काय द्यायचं

माझी पहिली नोकरी तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिथे तीन मायक्रोस्कोप होते आणि तिन्हींवर हिरवा स्टिकर होता. वर ‘कॅलिब्रेटेड’, खाली झाल्याची तारीख, त्याखाली पुढची तारीख. वर्षातून एकदा सर्व्हिसवाले यायचे, लेन्सा पुसायचे, स्टेजच्या गिअरला ग्रीस लावायचे, बल्ब बघायचे आणि नवा स्टिकर चिकटवून जायचे. आम्ही निर्धास्त होतो.

एका वर्षी तपासणीला आलेल्या बाईंनी मधल्या मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून विचारलं, “यावर चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला ऑक्युलरचं एक घर किती मायक्रॉनचं आहे?” म्हणजे स्लाइडजवळची चाळीसपट मोठं दाखवणारी लेन्स (ऑब्जेक्टिव्ह) लावल्यावर, डोळा लावतो त्या आयपीसमधल्या मोजपट्टीचा एक भाग खऱ्या मापात किती मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या किती हजाराव्या भागांचा. आम्ही दोघं टेक्निशियन एकमेकांकडे बघत राहिलो. फाईल काढली. सर्टिफिकेटवर मायक्रोस्कोपचा सिरीयल नंबर होता, सही-शिक्का होता, आणि मधे एकच वाक्य होतं: यंत्र समाधानकारक चालते. आकडा एकही नव्हता.

त्या दिवशी मला जे कळलं ते नव्याने लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते. सर्व्हिसिंग वेगळं आणि कॅलिब्रेशन वेगळं. सर्व्हिसिंगमध्ये यंत्र साफ होतं, नीट चालायला लागतं. कॅलिब्रेशनमध्ये यंत्र जे दाखवतं ते एका खात्रीच्या मापाशी ताडून बघायचं आणि त्या दोघांतलं नातं आकड्यात लिहून ठेवायचं. स्क्रू फिरवून दुरुस्त करणं हा त्याचा भागसुद्धा नाही. आकडा नसेल तर कॅलिब्रेशन झालेलं नाही, मग स्टिकर कितीही हिरवा असो.

आणि हा आकडा काढायचं काम, म्हणजे रोजच्या साध्या लाइट मायक्रोस्कोपचं मोजमापाचं कॅलिब्रेशन, लॅबने स्वतःच करावं असं माझं ठाम मत आहे. बाहेरच्याकडून घ्यायच्या गोष्टी दोनच: ज्या पट्टीने आपण मोजतो त्या पट्टीची खात्री, आणि जिथे मायक्रोस्कोपचं डोकं उघडावं लागतं ती दुरुस्ती.

एवढी यातायात कशासाठी

“आम्ही काही मोजत नाही, नुसतं बघतो,” असं पुष्कळ जण म्हणतात. रोजच्या लघवीच्या रिपोर्टवर आपण ‘पस सेल्स ४ ते ५ प्रति एचपीएफ’ लिहितो ना, तेही मोजमापच. एचपीएफ म्हणजे हाय पॉवर फील्ड, चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला दिसणारा गोल. आता तुमच्या आयपीसवर काय लिहिलंय ते बघा. १०×/१८ असं काही असेल. त्यातला १८ हा फील्ड नंबर. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या शक्तीने भागलं की दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिमी. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मायक्रोस्कोपचा फील्ड नंबर २२ असेल तर तोच व्यास ०.५५ मिमी होतो. फरक थोडाच वाटतो, पण क्षेत्रफळ काढा: पहिल्याचं सुमारे ०.१५९ चौरस मिमी, दुसऱ्याचं ०.२३८. जवळजवळ दीडपट. एकच नमुना, एकच स्लाइड, आणि एका टेबलावर ४ पेशी तर दुसऱ्यावर ६. स्तनाच्या कर्करोगाची प्रत ठरवताना पॅथॉलॉजिस्ट विभाजन होत असलेल्या पेशी मोजतात, तिथेही कोणता आकडा कोणत्या प्रतीत बसतो हे फील्डच्या व्यासावर ठरतं.

दुसरं उदाहरण शौचाच्या तपासणीचं. एन्टामीबा हिस्टोलिटिका आणि एन्टामीबा हार्टमनी या आतड्यातल्या दोन परोपजीवींच्या सिस्ट (कवचातल्या पेशी) दिसायला सारख्या, पिकलेल्या सिस्टमध्ये केंद्रकं दोन्हींकडे चारच. वेगळं करतं ते माप. हार्टमनीची सिस्ट १० मायक्रॉनपेक्षा लहान आणि निरुपद्रवी, हिस्टोलिटिकाची १० ते २० मायक्रॉन, बहुतेकदा १२ ते १५. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीला अशी सिस्ट दिसली, बरोबर चार घरांची. तिने वहीत उतरवून घेतलेला २.६ मायक्रॉनचा आकडा वापरला आणि उत्तर आलं १०.४. पण तो आकडा दुसऱ्या मायक्रोस्कोपचा होता. ती ज्यावर बसली होती त्याचं घर २.४४ चं, म्हणजे सिस्ट ९.८ मायक्रॉनची. रेषेच्या या बाजूची त्या बाजूला गेली. अशा वेळी एका सिस्टवर न थांबता शंभरच्या ऑब्जेक्टिव्हला आणखी पाच-सहा सिस्ट मोजायच्या, पण तेही आपल्याच यंत्राचा आकडा हाताशी असेल तरच. (हिस्टोलिटिका आणि तिच्यासारखीच दिसणारी एन्टामीबा डिस्पार या दोघींना मात्र माप वेगळं करू शकत नाही, तिथे दुसऱ्या चाचण्या लागतात.) आणखी दोन परोपजीवी: क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉन आणि सायक्लोस्पोरा ८ ते १०, दोन्ही ॲसिड-फास्ट रंगात लाल. तिथेही निर्णय मापाचाच, आणि दोघांवरची औषधं वेगळी.

काय लागतं

दोन काचा लागतात.

पहिली ऑक्युलर मायक्रोमीटर. आयपीसच्या आत बसणारी गोल चकती, तिच्यावर बहुधा १०० घरं कोरलेली. या घरांना स्वतःचं माप नसतं. ती नुसती घरं आहेत, त्यांना अर्थ आपण द्यायचा. घेताना आपल्या आयपीसच्या आतला व्यास मोजून मगच घ्या, चकत्या वेगवेगळ्या मापात येतात.

दुसरी स्टेज मायक्रोमीटर. ही स्लाइडसारखी काच, तिच्या मधोमध १ मिलिमीटरची रेघ आणि त्या रेघेचे १०० भाग. म्हणजे एक भाग ०.०१ मिमी, १० मायक्रॉन. हीच आपली पट्टी. सगळ्या लॅबमध्ये मिळून एक पुरते, पण ती सर्टिफिकेटसकट घ्या. सर्टिफिकेट कसं वाचायचं ते पुढे सांगते.

धातूच्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तुमच्या मायक्रोस्कोपमध्ये उजेड वरून येतो, त्यामुळे स्टेज मायक्रोमीटर परावर्तित उजेडात वापरायचा घ्या. पॅथॉलॉजीवाल्यांची पारदर्शक पट्टी त्या कामाची नाही.

मोजण्याआधी

मायक्रोस्कोप नीट लावलेला नसताना काढलेला आकडा फसवा असतो, म्हणून मी हे कधी गाळत नाही.

आधी सफाई. डाग कुठे आहे ते शोधायची सोपी रीत: आयपीस बोटांनी गोल फिरवा. डाग फिरला तर आयपीसवर आहे. स्लाइड हलवल्यावर हलला तर स्लाइडवर. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर गेला तर ऑब्जेक्टिव्हवर. ऑब्जेक्टिव्हचं तोंड जवळून बघायला एक आयपीस काढून उलटा धरा, तो छान भिंगासारखा चालतो. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर वाळलेल्या तेलाचा थर मी इतक्या वेळा पाहिलाय की आता सगळ्यात आधी तेच बघते. शंभरचं काम झाल्यावर चुकून चाळीस परत तेलातून फिरवला जातो, आणि मग महिनाभर सगळे “आजकाल धूसर दिसतं” म्हणत राहतात. पुसायला लेन्स पेपरच. ॲप्रनचं टोक किंवा कापूस नको. झायलीन वापरायचंच झालं तर अगदी थेंबभर, कारण ते लेन्स चिकटवणाऱ्या सिमेंटपर्यंत पोचलं तर त्याला मऊ करतं.

मग ऑक्युलरची चकती बसवा. आयपीसच्या दोन नळ्यांपैकी एकीवर डायऑप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची रिंग असते. चकती दुसऱ्या, म्हणजे न फिरणाऱ्या नळीच्या आयपीसमध्ये घाला. रिंग फिरली की काही मायक्रोस्कोपमध्ये आयपीस वरखाली होतो आणि आकडा हलतो, म्हणून ही काळजी. चकती कडेने धरा, एक बोटाचा ठसा पडला तर तो प्रत्येक स्लाइडवर दिसेल. आकडे उलटे दिसले तर चकती पालथी करा.

डोळ्यांचं अंतर स्वतःपुरतं लावून घ्या आणि दोन नळ्यांच्या मधे त्या अंतराचा जो आकडा दिसतो तो लिहून ठेवा. काही जुन्या मायक्रोस्कोपमध्ये आयपीस आडवे सरकतात, आणि अंतर बदललं की नळीची लांबीही बदलते, पर्यायाने प्रतिमेचा मोठेपणाही (मॅग्निफिकेशन). तुमचा तसा असेल तर एकाचा आकडा दुसऱ्याला चालणार नाही.

शेवटी उजेड. १८९३ साली आउगुस्ट कोलर या जर्मन शास्त्रज्ञाने उजेड लावायची जी रीत सांगितली तीच आजही आपण वापरतो. दहाच्या ऑब्जेक्टिव्हला स्लाइड फोकस करा. खालचा फील्ड डायफ्रॅम, म्हणजे उजेडाच्या तोंडाशी असलेली लहानमोठी होणारी झडप, बंद करत आणा, उजेडाचा छोटा तुकडा दिसेल. कंडेन्सर (स्टेजखालची उजेड एकवटणारी लेन्स) वरखाली करून त्याच्या कडा स्पष्ट करा, स्क्रूंनी तो मधोमध आणा आणि कडा दृष्टीआड होईपर्यंत उघडा. मग एक आयपीस काढून नळीतून आत बघा आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम दिसणाऱ्या गोलाच्या तीन चतुर्थांशापर्यंत ठेवा. तुमच्या मायक्रोस्कोपला खालचा डायफ्रॅम नसेल, साध्या एलईडीवाल्यांना तो नसतो, तर कंडेन्सरची उंची आणि त्याचा डायफ्रॅम एवढं तरी लावाच. प्रखर उजेड आणि सताड उघडा डायफ्रॅम असला की पट्टीच्या रेघा फिक्या पडतात आणि तुम्ही अंदाजाने जुळवायला लागता.

आता मोजणी

दहापासून सुरुवात करा, हात बसतो.

स्टेजवर पट्टी ठेवा. १ मिलिमीटरची रेघ नुसत्या डोळ्यांना जेमतेम ओरखड्यासारखी दिसते, म्हणून तिच्याभोवती बहुतेकदा एक गोल काढलेला असतो, तो उजेडाच्या मधोमध आणा. फोकस करा. आधी ऑक्युलरची घरं स्वच्छ दिसायला हवीत, मग पट्टीच्या रेघा. आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर आणा, थोड्याशा एकमेकींवर चढलेल्या. आता स्टेजच्या स्क्रूने पट्टी सरकवत दोघींच्या शून्याच्या रेघा डाव्या हाताला तंतोतंत जुळवा.

मग उजवीकडे जा. जितकं लांब जाता येईल तितकं. जिथे दोन्हींच्या रेघा पुन्हा बरोबर एकमेकींवर येतात ती जागा शोधा आणि दोन्हीकडची घरं मोजा. जवळची जुळणी घेऊन मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळा, कारण जितकं अंतर लांब तितकी रेघ जुळवण्यातली चूक विभागली जाते.

हिशोब एवढाच: पट्टीवरची घरं गुणिले १०, भागिले ऑक्युलरची घरं.

माझ्या आत्ताच्या मायक्रोस्कोपचे आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. चारच्या ऑब्जेक्टिव्हला ऑक्युलरची ४० घरं म्हणजे पट्टीची सगळी १००, एक घर २५ मायक्रॉन. दहाला १०० घरं म्हणजे ९९, एक घर ९.९ मायक्रॉन. चाळीसला ८२ घरं म्हणजे २०, तर २०० भागिले ८२, एक घर २.४४ मायक्रॉन. शंभरला ९४ घरं म्हणजे ९, एक घर ०.९६ मायक्रॉन. तुमचे आकडे याच्या आसपास यावेत, पण हेच येणार नाहीत. ऑब्जेक्टिव्हवर ४० लिहिलेलं असतं म्हणून तो बरोबर चाळीसपट करतो असं नसतं. पुस्तकातला २.५ उतरवून वापरणारे पुष्कळ आहेत, आणि वर सांगितलेल्या सिस्टसारख्या चुका अशाच सवयीतून जन्माला येतात.

चाळीस आणि शंभरला एक नवीच अडचण येते. पट्टीची रेघ, जी दहाला केसासारखी बारीक होती, ती आता जाड काळी पट्टी होते. ऑक्युलरची रेघ तिच्या कुठल्या कडेशी जुळवायची? नियम करून टाका: नेहमी डावी कड. सुरुवातीलाही डावी, शेवटीही डावी. एका टोकाला डावी आणि दुसऱ्या टोकाला उजवी घेतली तर रेघेची जाडी तुमच्या मापात मिसळते, आणि शंभरच्या ऑब्जेक्टिव्हला तो फरक चांगलाच मोठा असतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तीन वेळा तीन वेगवेगळी उत्तरं आली, ती याच कारणाने.

शंभरला तेल लागेल. पट्टीवर थेंब टाकायला जीव कचरतो, पण इलाज नाही. काम झाल्या झाल्या लेन्स पेपरने हलकेच टिपून घ्या, घासू नका. आधी बघून घ्या की पट्टीवर कव्हर स्लिप बसवलेली आहे. उघड्या कोरलेल्या काचेवर तेल घालून पुसणं म्हणजे पट्टीचं आयुष्य कमी करणं.

प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला हे पाच वेळा करा, दर वेळी पट्टी सरकवून नव्याने जुळवत. सरासरी घ्या. मग दुसऱ्या सहकाऱ्याला तुमचे आकडे न दाखवता करायला सांगा. दोघांच्या उत्तरात आम्ही २ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतो. तुमची मर्यादा तुम्ही तुमच्या कामावरून ठरवा, पण आधी लिहून ठेवा आणि मग मोजा. आकडे आल्यावर मर्यादा ठरवायला बसलं की ती त्या आकड्यांना बेतून शिवली जाते.

पडताळा

उत्तर हाती आलं की एक चांगली पातळ रक्तस्मीअर लावा. वाळलेल्या स्मीअरमध्ये निरोगी माणसाची लाल पेशी सात ते आठ मायक्रॉनची. माझ्या चाळीसवर ती तीन घरांत बसते, शंभरवर साडेसात-आठ घरांत. पाच घरं व्यापत असेल तर गुणाकार-भागाकारात कुठेतरी गफलत आहे.

न्यूबावर चेंबरही कामी येते. सुधारित न्यूबावरच्या मधल्या चौकोनातलं सगळ्यात छोटं घर ०.०५ मिमीचं, म्हणजे ५० मायक्रॉन. माझ्या चाळीसवर ते ऑक्युलरच्या साडेवीस घरांना यायला हवं, आणि येतं. पट्टी हाताशी नसेल तेव्हा आठवड्याची झटपट तपासणी म्हणून हे उत्तम आहे. पट्टीची जागा मात्र ते घेऊ शकत नाही, कारण आपल्या चेंबरच्या रेघांचं सर्टिफिकेट आपल्याकडे नसतं.

कॅमेरा लावलेला असेल तर त्याचं कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं. त्याच पट्टीचा फोटो काढा, सॉफ्टवेअरमध्ये लांबात लांब अंतरावर रेघ ओढा आणि ते किती मायक्रॉन ते सांगा. इमेज-जे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ही सोय ‘सेट स्केल’ या नावाने आहे. कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन बदललं की हा आकडा बाद. माझा आग्रह असतो की प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचा पट्टीचा मूळ फोटो तारखेसकट जपून ठेवावा. दोन वर्षांनी शंका आली तर तोच साक्षीदार.

बाहेर काय द्यायचं

सगळ्यात आधी, ती पट्टी. आपण हे जे काही केलं ते सगळं तिच्या १० मायक्रॉनवर विश्वास ठेवून. तो विश्वास कुठून येतो? देशातलं लांबीचं प्रमाण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळलं जातं. तिथून मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅब, तिथून तुमची पट्टी, तिथून तुमचं ऑक्युलर. ही न तुटणारी साखळी, हिलाच ट्रेसेबिलिटी म्हणतात. साखळीतली शेवटची कडी तुम्ही घरी जोडू शकता, वरच्या कड्या नाही. म्हणून पट्टी अशा लॅबकडे द्यायची जिला आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाखाली एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे.

इथे एक बारकावा आहे, जो नव्या माणसाला कुणी सांगत नाही. लॅबला मान्यता असणं पुरेसं नाही, तुमचं काम तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या कामांच्या यादीत असायला हवं. तापमापकं आणि वजनं कॅलिब्रेट करायची मान्यता असलेली लॅब स्टेज मायक्रोमीटरलाही तोच लेटरहेड वापरून कागद देईल, पण त्या कागदावर मान्यतेचं चिन्ह नसेल. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक लॅबचा स्कोप बघता येतो. यांत्रिक विभागातल्या लांबी-मापनाखाली स्टेज मायक्रोमीटर किंवा काचेची स्केल आहे का, किती मर्यादेपर्यंत आहे, हे पाच मिनिटं काढून बघा आणि मगच फोन करा.

सर्टिफिकेट आलं की ते फाईलला लावण्याआधी वाचा. तुमच्याच पट्टीचा नंबर आहे का? कोणत्या मापाशी ताडलं, त्या मापाचं सर्टिफिकेट कोणतं? मोजताना तापमान किती होतं? प्रत्येक टप्प्याला खरं माप किती निघालं? आणि अनिश्चितता किती? हा शेवटचा आकडा नसेल तर परत पाठवा. तो सांगतो की मोजणाऱ्याला स्वतःच्या मापाबद्दल किती खात्री आहे, आणि त्याशिवाय उरलेल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवता येत नाही.

काच रोज झिजत नाही, त्यामुळे पट्टी वारंवार पाठवण्याची गरज नसते. किती वर्षांनी ते तुमच्या कार्यपद्धतीत लिहा आणि पाळा. पडली, चरा गेला, कव्हर स्लिपखाली तेल शिरलं, तर मात्र वाट बघू नका.

दुसरं बाहेरचं काम म्हणजे जिथे पेचकस आत जातो ते. दोन्ही डोळ्यांनी बघताना प्रतिमा एकावर एक बसत नाही, अर्ध्या तासात डोकं चढतं: आतला प्रिझम सरकलाय. स्लाइड बदला, आयपीस फिरवा, तरी कोळिष्टकासारखी जाळी जागची हलत नाही: आतल्या लेन्सवर बुरशी धरली आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे ठरलेलं. यावर उपाय सिलिका जेलचा आणि कोरड्या कपाटाचा, तोही जूनच्या आधी. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकमेव आयपीसला तडा गेला होता. आपल्या हवेचा त्रास इतका जुना आहे. पण आत बुरशी दिसली म्हणून स्वतः डोकं उघडू नका. प्रिझम एकदा हलला की घरी परत जागेवर बसत नाही. दहाला मधोमध असलेला ठिपका चाळीसला गेल्यावर दृष्टीआड होत असेल, किंवा दर वेळी फोकस भलतीकडे जात असेल, तर तेही त्यांचंच काम.

सर्व्हिसवाल्यांना बोलावताना मी आता तीन गोष्टी आधी विचारते. तुम्ही काय मोजणार? कशाने मोजणार, त्याचं सर्टिफिकेट सोबत आणाल का? आणि हात लावायच्या आधीचं रीडिंग लिहून द्याल का? या तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण थबकतात. पण तेच महत्त्वाचं. दुरुस्तीआधी यंत्र किती चुकत होतं हे कळलं नाही, तर गेल्या वर्षभरातल्या रिपोर्टांचं काय हे कसं ठरवणार?

कुणी काय निवडावं

छोट्या पॅथॉलॉजी लॅबने, कॉलेजच्या प्रयोगशाळेने, क्षयरोगाच्या थुंकी तपासणी केंद्राने पट्टी विकत घ्यावी आणि मोजणी स्वतः करावी. बाहेरून मायक्रोस्कोपमागे दरवर्षी पैसे मोजण्यापेक्षा हे स्वस्त तर पडतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोजणी करणारा माणूस रोज त्याच यंत्रावर बसणारा असतो. त्याला आकडा पाठ होतो, आणि बिघाड त्याला पहिल्यांदा कळतो.

भोसरी-चाकणच्या किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागात गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मायक्रोस्कोपखाली मोजलेली मुलाम्याची जाडी किंवा धातूच्या कणांचा आकार थेट ग्राहकाच्या कागदावर जातो, आणि पुष्कळ ग्राहक मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेटच मागतात. मग ते बाहेरून घ्यावंच लागतं. घरची मोजणीही सोडू नये, दोन सर्टिफिकेटांच्या मधल्या महिन्यांसाठी तिचाच आधार असतो. ऑक्युलर आणि मायक्रोस्कोपचा मोठेपणा कसा कॅलिब्रेट करायचा यासाठी एएसटीएम ई-१९५१ नावाचं मार्गदर्शक मानक आहे, अशा विभागातल्या नव्या माणसाने ते एकदा वाचून काढावं. टूलमेकर्स मायक्रोस्कोप असेल, जिथे स्टेजच सरकून माप देते, तर ते काम पूर्णपणे बाहेरच्या तज्ज्ञाचं.

आणि ज्या लॅबमध्ये माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात, तिथे मी सांगेन की पहिली दोन वर्षं बाहेरच्या जाणकाराला बोलवा, पण तो मोजत असताना आपला माणूस शेजारी बसवा आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याकडून करून घ्या.

नोंद आणि पुन्हा कधी

लॉगबुकात एका पानावर हे सगळं मावतं: तारीख, मायक्रोस्कोपचा आणि ऑब्जेक्टिव्हचा नंबर, कोणता आयपीस, पट्टीचा नंबर आणि तिच्या सर्टिफिकेटची तारीख, पाचही मोजण्या, सरासरी, करणाऱ्याची आणि पडताळणाऱ्याची सही. खोडायचं झालं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही. पांढरी शाई नको.

वर्षातून एकदा तर कराच. शिवाय नवा मायक्रोस्कोप आला, ऑब्जेक्टिव्ह बदलला, आयपीस दुसऱ्या यंत्रावर गेला किंवा सर्व्हिसवाले येऊन गेले, की त्याच दिवशी, पहिला नमुना लावायच्या आधी. नवा आकडा जुन्याच्या जवळ असेल तर काम सुरू. मर्यादेबाहेर गेला असेल तर पट्टी पुन्हा लावा, दुसऱ्याला मोजायला सांगा, आणि तरीही तसाच आला तर मधल्या काळात मापावर अवलंबून दिलेले रिपोर्ट काढून पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांसमोर ठेवा.

आमच्या लॅबमध्ये आता हिरव्या स्टिकरच्या जागी प्रत्येक मायक्रोस्कोपच्या मानेवर एक छोटं लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. माझ्या मायक्रोस्कोपच्या कार्डावर चार ओळी: ४× २५, १०× ९.९, ४०× २.४४, १००× ०.९६. खाली फील्ड नंबर, तारीख आणि ज्याने मोजलं त्याची सही. पट्टी तिच्या लाकडी डबीत, डबी माझ्या खणात, आणि खणाची दुसरी किल्ली कुठे आहे ते रात्रपाळीच्या माणसालाही माहीत आहे.